‘डिस्कॉर्डवर बघ’

शुक्रवारची रात्र, साडेनऊ-दहा वाजले असतील, पाऊस नुकताच थांबलेला, तंबूच्या दोरीवरून पाणी टपटपतंय आणि आम्ही सहा-सात जण कंदिलाभोवती बसलोय. सगळ्यांच्या अंगावर लोकरीचे जाडजूड अंगरखे, पायात चिखलाने माखलेले बूट, एकीच्या मांडीवर फोमचा भाला. आमच्यात एक नवीन मुलगी आलेली, तिचा पहिलाच लार्प इव्हेंट, कपडे स्वतः शिवलेले, बाहीला अजून टाचणी तशीच राहिलेली. ती अगदी पात्रात राहून, जरा घाबरतच पण छान आवाजात विचारते, "मग त्या बांधावरच्या भांडणाचं काय झालं शेवटी?" आणि आमच्यातला एक जण तव्यावरचं सॉसेज उलटत, वर न बघता म्हणतो, "अगं ते मिटलं कधीच. डिस्कॉर्डवर बघ."

झालं. पोरगी गप्प. कारण डिस्कॉर्ड म्हणजे आमच्या ग्रुपचं गप्पांचं ॲप, आणि त्यावरचे चारशे-साडेचारशे मेसेज त्या तंबूत बसून, रेंज नसताना, ती काय बघणार होती? मला तेव्हा इतकं लाजल्यासारखं झालं ना, कारण ते भांडण मिटवणारा करारनामा गूगल डॉकवर टाइप कोणी केला होता, तर मी. अकरा कलमं होती त्यात, मोजून.

तर ही पोस्ट त्याबद्दल आहे, म्हणजे लार्पच्या दोन इव्हेंटच्या मधे ऑनलाइन किती खेळायचं याबद्दल. गेले सहा-आठ महिने लिहीन लिहीन म्हणतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते, कारण दर वेळी मिरजेला फोन केला की आईला नव्याने समजवावं लागतं (ती याला ‘जत्रा’ म्हणते, "काय गं, परत जत्रेला निघालीस का?" आणि खरं सांगायचं तर तो शब्द फार चुकीचा नाहीये). लार्प (लाइव्ह ॲक्शन रोल प्ले) म्हणजे मोठ्यांची भातुकली. स्क्रिप्ट नाही, प्रेक्षक नाहीत, आपण एक पात्र घ्यायचं आणि दोन-तीन दिवस त्या पात्रासारखं बोलायचं, भांडायचं, जेवायचं, लढाई झाली तर फोमच्या तलवारीने लढायचं. इंग्लंडमध्ये याचं वेड जुनं आहे, १९८२ मध्ये चेशायरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ट्रेझर ट्रॅप नावाने सुरू झालं, तेव्हापासून इथली माणसं वीकएंडला शेतात जाऊन ओल्या गवतावर झोपतायत. मी जाते तो खेळ म्हणजे एम्पायर. २०१३ पासून चालू आहे, वर्षातून चार इव्हेंट, प्रत्येक इव्हेंट शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, आणि एका मैदानात हजारांच्या वर माणसं. दहा राष्ट्रं मिळून एक साम्राज्य, त्याची सिनेट, त्याचे सेनापती, धर्मसभा, जादूगारांची सभा, बाजार, सगळं खेळाडूच चालवतात. नाण्यांचा हिशेबसुद्धा आहे, वीस रिंग म्हणजे एक क्राउन आणि आठ क्राउन म्हणजे एक थ्रोन, हे ऐकून मला आजोबांचे रुपये-आणे-पै आठवले आणि सगळ्यांच्या आधी तोंडपाठ झालं.

आम्ही मार्चेस नावाच्या राष्ट्रात आहोत. मार्चेस म्हणजे शेतकरी. हट्टी, जमिनीला चिकटलेले, शेजाऱ्याने पिढ्यांपूर्वी काय केलं होतं ते न विसरणारे शेतकरी. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने २०१८ मध्ये मला पहिल्यांदा नेलं तेव्हा तिने विचारलं, तुला सुंदर मुखवटे घालणारे व्यापारी व्हायचंय की जंगलात भटकणारे व्हायचंय, आणि मी मार्चेसचं वर्णन वाचून म्हटलं बाई गं, हे तर आमचं गावच आहे. सिनेटर निवडताना ज्याच्याकडे शेत त्याला मत! सोसायटीची निवडणूक वेगळी काय असते?

आता मुद्दा. वर्षातून चार वीकएंड म्हणजे जेमतेम दहा दिवस. उरलेले तीनशे पंचावन्न दिवस पात्राचं काय करायचं? सप्टेंबरचा इव्हेंट संपला की पुढचा एकदम वसंतात, म्हणजे पात्रांसाठी एकच ऋतू सरतो पण आपल्यासाठी अख्खा हिवाळा, चार वाजता अंधार पडणारा, इथला हिवाळा. त्यात माणूस लॅपटॉप उघडणारच.

खेळाचा अधिकृत भाग असतो त्याला डाउनटाइम म्हणतात. हा शब्द आमच्या खेळाचा नाही, तिकडे व्हॅम्पायरवाल्या लार्पमध्येही (त्याचे छापील नियम १९९३ चे आहेत) दोन खेळांच्या मधे तुझं पात्र काय करतंय ते लिहून द्यायची पद्धत जुनी आहे. आमच्याकडे ते वेबसाइटवर होतं. प्रत्येक पात्राकडे एक काहीतरी असतं, कोणाकडे शेत, कोणाकडे खाण, कोणाकडे लढवय्यांची तुकडी, कोणाकडे जहाजं, कोणाकडे औषधी वनस्पतींची बाग. शेतात पैसे ओतून ते वाढवायचं की नाही, तुकडी कुठल्या सैन्याबरोबर पाठवायची, असे दोन-चार पर्याय टिकमार्क केले की झालं. पंधरा मिनिटांचं काम, चहा गार व्हायच्या आत होतं. त्यानंतर इव्हेंटच्या आधी ‘विंड्स ऑफ फॉर्च्यून’ नावाने मोठमोठे मजकूर विकीवर येतात, कुठे काय घडलं, कोण रागावलंय, कुठे दुष्काळ, कुठे संधी. ते वाचायला मात्र वेळ लागतो, जवळपास दिवाळी अंकाएवढा ऐवज असतो आणि दिवाळी अंकासारखंच सगळे म्हणतात वाचला, पण वाचलेला असतो अर्धाच.

मला यातली एक गोष्ट फार उशिरा कळली, म्हणजे वर सांगितलेली ती सॉसेजवाली रात्र झाल्यावर. सैन्य कुठे पाठवायचं ते सेनापती मैदानावर, इव्हेंट चालू असताना ठरवतात. सिनेटचा ठराव मैदानावर पास होतो, माणसं धावत जाऊन सिनेटरला पकडतात, पटवतात, धमकावतात. आणि त्याचं पुढे काय झालं, सैन्य जिंकलं की मेलं, ते घरी बसून वाचायचं. म्हणजे ठरवायचं चिखलात आणि निकाल घरी. आम्ही बरोब्बर उलटं करत होतो. आम्ही घरी ठरवत होतो आणि चिखलात येऊन एकमेकांना सांगत होतो की ठरलं.

हे कसं झालं ते सांगते. २०२० मध्ये सगळंच बंद पडलं. इव्हेंट नाही, ऑफिस नाही, मिरजेला जाणं नाही. तेव्हा जगभरच्या लार्पवाल्यांनी ऑनलाइन खेळायला सुरुवात केली, व्हिडिओ कॉलवर. त्याला नावसुद्धा होतं आधीपासून, लाओग, लाइव्ह ॲक्शन ऑनलाइन गेम, २०१९ मध्येच त्याचा जाहीरनामा निघालेला, म्हणजे महामारीच्या आधीच कोणीतरी म्हणत होतं की ही लार्पची स्वस्त नक्कल नाही, हा वेगळा प्रकार आहे आणि त्याची वेगळी ताकद आहे. मला ते पटतं. मी तेव्हा डोक्याला टॉवेल गुंडाळून, मागे चादर टांगून एका व्हिडिओ लार्पमध्ये अंतराळयानातली डॉक्टर झाले होते आणि दोन तासांनी लॅपटॉप मिटल्यावर खरोखर रडले होते, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. तर ऑनलाइन म्हणजे खोटं आणि मैदान म्हणजे खरं असं काही मी म्हणणार नाही, ते मला चालत नाही.

पण आमच्या ग्रुपचं लाओग वगैरे काही नव्हतं, आमचं नुसतं डिस्कॉर्ड होतं. लॉकडाऊनमध्ये सुरू केलं, एकमेकांना धीर द्यायला, त्यात एक चॅनेल ‘चुलीपाशी’ अशा अर्थाच्या नावाचं, तिथे पात्रात राहून गप्पा मारायच्या. तेव्हा त्याने खरंच जगवलं आम्हाला. मग मैदान परत उघडलं, पण चॅनेल काही बंद झालं नाही, आणि मला वाटतं हीच गोची झाली. जे उपाशी असताना खाल्लं ते पोट भरल्यावरही खात राहिलो.

आता ते बांधाचं भांडण. सप्टेंबरच्या इव्हेंटला, रविवारी दुपारी, अगदी संपायला तासभर असताना शेजारच्या हाउसहोल्डमधली (म्हणजे खेळातल्या दुसऱ्या घरातली) एक बाई आमच्या चुलीवर आली आणि म्हणाली तुमच्या लोकांनी आमच्या हद्दीतली सफरचंदाची झाडं तोडली. आता कुठलीही झाडं नव्हती हो, सगळं तोंडीच, पण तिने ते अशा काही ठसक्यात म्हटलं की आमचा स्टुअर्ड, म्हणजे आमच्या घराचा कारभारी, उठून उभा राहिला, आमच्या मागे वीस-पंचवीस माणसं जमली, दोन्हीकडून आवाज चढले, आणि नेमका टाइम-आउट झाला, म्हणजे त्या इव्हेंटचा खेळ संपला. त्या तासाभराइतकी मजा मला तीन वर्षांत आली नव्हती. माझ्या आजोबांचं आणि पलीकडच्या शेतवाल्यांचं बांधावरून जे चाललं ते मी लहानपणी बघितलंय, दोन पिढ्या कोर्टात गेल्या, पण हळदीकुंकवाला त्यांच्या बायका आमच्याकडे यायच्या, आमच्या त्यांच्याकडे, आणि वाण देताना एकमेकींना जे काही गोड शब्दांत ऐकवायच्या ते शिकवून येत नाही. मला वाटलं, आता मी हे सगळं इथे ओतणार.

आणि ओतलंच, पण डिस्कॉर्डवर. ऑक्टोबरमध्ये पहिलं पत्र गेलं. नोव्हेंबरात दोन्ही ग्रुपचं मिळून एक चॅनेल झालं. रोज रात्री कोणी ना कोणी लिहीत होतं. जुने साक्षीदार निघाले, एक नकाशा निघाला, एकाने त्या झाडांची नावं ठेवली. जानेवारीत एकाने (प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्याचा तरी काय दोष) सुचवलं की गोष्टी फार पसरल्यात, एक डॉक करू. आणि मग आम्ही शहाण्या माणसांसारखे बसलो, तडजोड केली, अकरा कलमं. मी लिहिली. कलम सात मला अजून पाठ आहे, पडलेलं फळ कोणाचं याबद्दल आहे.

वसंतातल्या इव्हेंटला दोन्ही स्टुअर्ड समोरासमोर आले, हात मिळवले, सही केली. पाच मिनिटं. टाळ्यासुद्धा धड नाही वाजल्या, कारण कोणाला नवीन काय होतं? बाजूच्या कॅम्पातले लोक थांबले, काय चाललंय विचारलं, आम्ही सांगायला लागलो तर त्यातलं निम्मं त्यांना कळेना आणि उरलेलं आम्हालाच सांगायचा कंटाळा आला. आख्खी नाटकाची तालीम हाउसफुल्ल झाली आणि प्रयोगाला पडदा उघडला तर नट म्हणतायत, आमचं झालंय हो.

सगळ्यात वाईट वाटलं ते आमच्या फ्रायरचं. मार्चेसमध्ये पुजारी-भिक्षू असतात त्यांना फ्रायर म्हणतात. आमची फ्रायर खऱ्या आयुष्यात नर्स आहे, नाइट ड्युट्या, घरी दोन लहान मुलं, डिस्कॉर्ड तिने डिसेंबरनंतर उघडलंच नव्हतं. तिला एवढंच माहीत की सप्टेंबरात भांडण अर्धवट राहिलं. तिने ड्युटीच्या ब्रेकमध्ये एक प्रवचन लिहिलं होतं, दोन्ही घरांना बसवून समेट घडवायचा म्हणून, चर्मपत्रासारख्या कागदावर, कडा चहात बुडवून तपकिरी केलेल्या. ती आली आणि तिला कळलं की समेट जानेवारीतच झाला. तिने तो कागद घडी घालून परत पिशवीत टाकला. काही बोलली नाही. माझ्या आईच्या भाषेत सांगायचं तर पंगतीला आम्ही सगळे घरून जेवून आलो होतो आणि वाढणारी एकटी वरणाचं भांडं घेऊन उभी.

आणि ती फ्रायर काही कमी हौशी खेळाडू नव्हती. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण ग्रुपवर याची चर्चा निघाली तेव्हा एकाने म्हटलं, "ज्यांना इंटरेस्ट आहे ते वेळ काढतात." नाही हो. वेबसाइटवरच्या डाउनटाइमला सगळ्यांना तेवढेच पर्याय, तीच शेवटची तारीख, रोज रात्री चार तास बसलास म्हणून तुला दोन शेतं मिळत नाहीत. गप्पांच्या चॅनेलला अशी मर्यादाच नसते. तिथे जो जास्त जागा राहतो त्याच्याच हातात गोष्ट जाते. ऑफिसात नसतं का, खरी मीटिंग आधीच चहाच्या टपरीवर झालेली असते आणि टपरीवर कोण जातं तर ज्यांना पाच वाजता पाळणाघर गाठायचं नसतं ते.

दुसरी भानगड त्याहून नाजूक आहे. मैदानावर समोरचा माणूस पात्र म्हणून माझ्यावर ओरडत असतो तेव्हा मला त्याचे डोळे दिसतात. मला खरंच लागलं तर मी हात वर करते, हात वर म्हणजे मी आत्ता पात्रात नाही, आणि तो तिथल्या तिथे थांबतो, "ठीक आहेस ना?" विचारतो, आम्ही हसतो, पुन्हा चालू. संध्याकाळी त्याच माणसाबरोबर पाण्याच्या रांगेत उभं राहून गप्पा होतात. चॅटमध्ये हा हात कुठून आणायचा? नोव्हेंबरात एकदा रात्री अकरा वाजता, मी उद्याच्या डब्याची भाजी चिरत होते आणि फोनवर त्या दुसऱ्या हाउसहोल्डच्या माणसाचा मेसेज आला, माझ्या पात्राला उद्देशून, की तुझी पाळंमुळं इथली नाहीत, तू या मातीबद्दल बोलू नकोस. पात्राला म्हटलं होतं त्याने. कथेत माझं पात्र लग्न होऊन दुसऱ्या भागातून आलेलं आहे, त्याला धरून होतं. पण मी लेस्टरच्या किचनमध्ये उभी आहे, माझं नाव आहे ते नाव आहे, आणि त्या वाक्याला ना चेहरा ना आवाज. मी दोन दिवस धुसफुसत होते. नॉर्डिक लार्पवाले याला ब्लीड म्हणतात, पात्राचं माणसात झिरपणं आणि माणसाचं पात्रात. शेवटी फोन केला सरळ. तो बिचारा इतका गडबडला, त्याच्या डोक्यातसुद्धा ते आलं नव्हतं, माफी मागून मागून त्याने मलाच कानकोंडं केलं. मैदानावर हे दहा सेकंदांत निस्तरलं असतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग सरळ आहे की, बंद करा डिस्कॉर्ड. मलाही वसंतातल्या त्या इव्हेंटनंतर तसंच वाटत होतं, गाडीतून परत येताना मी नवऱ्याला तावातावाने तेच सांगितलं. तो लार्प करत नाही, तो फक्त मला न्यायला येतो आणि ओले तंबू डिकीत कोंबतो. तो म्हणाला, "पण तू तर तिथेच जास्त बोलतेस ना?"

बरोबर होतं त्याचं. आणि ही गोष्ट मान्य करायला मला बरेच दिवस लागले. मी कागदावर, म्हणजे स्क्रीनवर, फार चांगली मार्चर आहे. वेळ घेऊन, डिक्शनरी बघून, जुन्या वळणाचं इंग्रजी लिहिते, लोक माझी पत्रं एकमेकांना वाचून दाखवतात. मैदानावर, वीस माणसं एकदम बोलत असताना, त्यातले अर्धे यॉर्कशायरच्या नाहीतर स्कॉटलंडच्या हेलात, मला वाक्य सुचेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. सणसणीत उत्तर मला सुचतं ते रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, तेही मराठीत. तर जानेवारीत ती अकरा कलमं मी का लिहिली? इतरांना घाई होती म्हणून? छे. मैदानावर ते भांडण आलं असतं तर मला तोंडाने भांडावं लागलं असतं, आणि मला त्याची भीती होती. डॉकमध्ये मी जिंकत होते.

आणि माझ्यासारखे किती असतील. आमच्यातल्या एकाला तब्येतीमुळे चारांतले दोनच इव्हेंट जमतात, मधल्या काळातलं लिहिणं हाच त्याचा खेळ. एकजण बेबी झाल्यावर वर्षभर आली नाही, ती चॅनेलमुळे टिकली. त्यांना काय सांगणार, मैदानावर याल तर खेळाडू नाहीतर नाही?

मग मेमध्ये आमच्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मिसळ केली (तिखट कमी केली, तरी एक जण टेबलावरून उठून सिंककडे पळाला) आणि बसून बोललो. भांडलोही थोडं. त्यातून जे काही निघालं ते नियम म्हणण्याइतकं पक्कं नाही. एक म्हणजे, चॅनेलवर प्रश्न टाकायचे, निकाल नाही लावायचा. म्हणजे "तुमच्या पोरांनी आमच्या ओढ्याचं पाणी वळवलं असं ऐकते" इथवर चालेल, पण त्याचं पुढे काय, ते मैदानावर. दुसरं, पत्रं लिहायची ती खऱ्या कागदावर, इव्हेंटला घेऊन यायची आणि तिथे द्यायची, ज्याला यायला जमत नाही त्याने दुसऱ्याच्या हाती पाठवायची. तिसरं, इव्हेंटच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी एकाने पानभर लिहायचं, की काय काय झालंय आणि काय अर्धवट आहे, पानभरच, आणि ते नवीन माणसाला फोन करून सांगायचं. हे काम त्या नवीन मुलीनेच मागून घेतलं, टाचणीवालीने, म्हणाली मला कळेल असं लिहिलं की सगळ्यांना कळेल.

चौथं होतं की इव्हेंटच्या दोन आठवडे आधी पूर्ण मौन. ते साफ फसलं. चार दिवसांत तिघांनी वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आता मी मराठी घरातली आहे, एक काकू वगळून काढलेला ग्रुप मला लांबून वास घेऊन कळतो. सोडून दिलं आम्ही ते मौन. तंबू कोण आणणार, कांदे किती, गॅसची शेगडी कोणाची, याला तर बोलावंच लागतं, आणि कांद्यावरून पात्र कधी बोलायला लागतं ते कोणालाच कळत नाही.

पत्रांचं मात्र जमलं, आणि असं जमलं की मलाच नवल वाटलं. जो माणूस दोनच इव्हेंटला येतो त्याने सप्टेंबरसाठी एक पाकीट पाठवलं, मेणाची मोहोर लावून, वर लिहिलेलं की हे फ्रायरनेच उघडावं आणि दोन्ही घरांसमोर वाचावं. शनिवारी दुपारी लढाईवरून आलो होतो (आमच्या राष्ट्राची पाळी शनिवारी होती, दुसऱ्या दिवशी आम्हीच रानटी ओर्क, म्हणजे खेळातले शत्रू, बनून बाकीच्यांना झोडपणार होतो), खांदे दुखत होते, कोणाला बसायचं त्राण नव्हतं आणि फ्रायर पाकीट घेऊन उभी राहिली. त्यात काय आहे हे पन्नासातल्या एकालाही माहीत नव्हतं. तिलाही. पत्रात लिहिलं होतं की त्या करारावर त्याची सही नाही, तो घरातला वडीलधारा आहे, त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्या तोडलेल्या झाडांखाली काय पुरलंय हे दोन्ही घरांना माहीत नाही.

दोन सेकंद शांतता. मग जो काही गलका झाला! पलीकडच्या स्टुअर्डने माझ्याकडे बोट दाखवलं, हा करार हिने लिहिलाय, हिला विचारा. आणि सगळे माझ्याकडे वळले. हातात फोन नाही, डिक्शनरी नाही. मी तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य आलं ते चक्क मराठीत, "अहो थांबा की जरा." कोणाला काही कळलं नाही, पण सूर कळला असावा, कारण गप्प झाले सगळे. मग मी बोलले. अडखळत, दोन शब्द चुकले, एक वाक्य अर्धंच राहिलं, पण आजीचा तो हळदीकुंकवातला गोड आवाज नेमका आला कुठून तरी, आणि समोरची बाई, तीच सफरचंदवाली, लालबुंद झाली आणि मग पात्रातच, ओठ दाबून, हसली.

फ्रायरने आपलं जुनं प्रवचन पिशवीतून काढलं. तोच कागद, चहात बुडवलेला. म्हणाली, वसंतापासून घेऊन फिरतेय. वाचलं तिने पूर्ण. त्याने काही मिटलं नाही, उलट दोन्हीकडचे आता खणायला निघालेत.

हे लिहिताना ऑक्टोबर संपत आलाय, बाहेर लवकर काळोख पडतोय. डिस्कॉर्डवर आत्ता पाच नवीन मेसेज दिसतायत, त्यातला एक दुसऱ्या हाउसहोल्डच्या त्या नोव्हेंबरवाल्या माणसाचा आहे, झाडांखाली काय असेल याचा अंदाज लिहिलाय त्याने आणि मला टॅग केलंय. मला माहितीये त्याला काय उत्तर द्यायचं ते, आख्खा परिच्छेद तयार आहे डोक्यात, झकास इंग्रजीत. टाइप करून ठेवलाय. पाठवलेला नाहीये अजून. कागद आणायला हवा, घरी फक्त प्रिंटरचा पांढरा आहे आणि नवरा म्हणतोय चहात बुडवायला तो चालेल.